वजीरची टाच

"आता कुणी बोलायचं नाही," रणधीरदादा जमलेल्या लोकांना म्हणाले, आणि मी वजीरच्या दोन्ही कानांमागं हात ठेवले.

पन्हाळ्याच्या वाटेवर दादांची पागा होती. त्या सकाळी तिथं कोल्हापुरातले, सांगलीचे, काही तर पुण्याहून मुद्दाम आलेले घोडेवाले उभे होते. खुर्च्या मांडल्या होत्या, पण बसलं कुणी नव्हतं. एक बाई घोड्याच्या डोक्याला नुसता हात लावून उभी राहते आणि घोडा सैल पडतो, असं त्यांनी ऐकलं होतं. ते खरं का खोटं ते बघायला मंडळी आली होती.

थोड्या वेळानं वजीरचा खालचा ओठ लोंबला. मान हळूहळू खाली आली. त्यानं एक लांब श्वास सोडला, तोंड चाळवलं आणि मोठी जांभई दिली. लोकांत कुजबुज झाली. फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ पुढं सरकले आणि वाकून घोड्याचे अर्धे मिटलेले डोळे बघत राहिले. दादा माझ्या मागं उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मला इतका अभिमान आयुष्यात फार वेळा वाटलेला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

रणधीरदादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचे चिरंजीव. माझे वडील मी शाळेत असताना गेले आणि तेव्हापासून आमच्या घरात दादांचा शब्द शेवटचा. मी फिजिओथेरपी शिकले ती त्यांच्यामुळं. राजारामपुरीत दवाखाना थाटला तेव्हा फीत कापायला आमदार बोलवायचं घरात चाललं होतं. दादांनी आईला पुढं केलं आणि तिच्या हातून फीत कापून घेतली. मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणत असे आणि ते मला ‘संयू’ म्हणत. संयोगिता या पूर्ण नावानं त्यांनी मला एकदाच हाक मारली, ते पुढं येईलच.

माणसांचे गुडघे आणि पाठी बघता बघता मी घोड्यांकडं वळले, तीही दादांमुळंच. पुण्यात एक परदेशी बाई घोड्यांवरच्या अंगोपचाराचा वर्ग घ्यायला आल्या होत्या. दादांनी माझं नाव परस्पर घातलं. क्रेनिओसेक्रल हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. कवटीपासून माकडहाडापर्यंत अंगात एक अगदी मंद लय चालते, हलक्या हातानं तिला वाट करून दिली की आखडलेलं अंग सुटतं, असं त्या विद्येचं म्हणणं. डॉक्टर लोक यावर हसतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याइतका पुरावा माझ्याकडं तेव्हाही नव्हता. पण घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभं राहिलं की काहीतरी घडतं, एवढं मी स्वतः अनुभवत होते. खांद्याच्या, पाठीच्या, मागच्या पुठ्ठ्याच्या गाठी बोटांखाली सुटताना कळत होत्या. दादा म्हणायचे, "हसणाऱ्यांना हसू दे. तुझ्या हातात आहे ते आहे."

घरातल्या कुणीच असं म्हटलं नव्हतं. आईला तर मी घोड्यांची चंपी करते असंच वाटे.

वजीर हा पुण्याच्या शर्यतीतून निवृत्त झालेला, उंचापुरा, तांबूस कुम्मैत रंगाचा घोडा. दादांनी तो आणला तेव्हा पुढच्या पायांनी अंग चोरून चालायचा. पाऊल टाकताना टाच टेकायचीच नाही. आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर नेर्लेकर यांनी क्ष-किरण काढले आणि सरळ सांगितलं, की खुरातलं, टाचेच्या बाजूचं छोटं हाड झिजलंय. हे बरं होणारं दुखणं नाही. हलकी रपेट चालेल, उड्या विसरा.

डॉक्टर गेल्यावर दादांनी मला विचारलं. मी त्यांना म्हटलं की हाड माझ्या हातानं भरून येणार नाही. पण दुखऱ्या पायाला जपून जपून त्याची मान आणि खांदे लाकडासारखे झालेत, ते मी मोकळे करीन. त्याला थोडं सुख लागेल. दादांनी मान डोलावली. म्हणाले, "तेवढं कर. बाकी त्याचं नशीब."

मी आठवड्यातून तीनदा जाऊ लागले. वजीरचा मोतद्दार होता दस्तगीर, कमी बोलणारा, घोड्याच्या अंगावर खरारा फिरवताना एकटाच गुणगुणणारा. तो दोर धरून उभा राही आणि मी मानेपासून सुरुवात करी. पहिल्या दिवशी वजीरनं मला चावायला तोंड टाकलं. पायाच्या मागच्या बाजूला, खुराच्या जरा वर, बोट लावायची सोय नव्हती. नुसता हात तिकडं वळला तरी पाय झटकायचा.

आणि मग तो सुधारायला लागला. मी आनंदानं वेडी झाले होते. महिन्याभरात त्याची पावलं लांब पडू लागली. दुडकीवर लंगडणं जवळजवळ दिसेनासं झालं. मी स्वतःशी म्हणत असे की हाड नाही, पण हाडाभोवतीचं सगळं अंग मोकळं झालं तर एवढा फरक पडू शकतो. पुस्तकांत तसं लिहिलेलंही होतं. दादांनी लोकांना बोलवायचं ठरवलं, ती सकाळ मी आधीच सांगितली. त्यानंतर पंचक्रोशीतून माझ्याकडं घोडे यायला लागले. दादा पागेच्या बाजूला घोड्यांचं उपचार केंद्र बांधायचं म्हणू लागले. फाटकावर माझं नाव घालायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

आईचे गुडघे फार दिवस दुखत होते. ते मी पुढं ढकलत आले होते, कारण पुण्यातलं ऑपरेशन म्हणजे राहायचं कुठं, दवाखाना बंद ठेवायचा कसा. एके दिवशी दादाच घरी आले. पुण्यातले सर्जन त्यांच्या ओळखीचे निघाले, राहायला त्यांचा कोथरूडचा फ्लॅट रिकामाच होता. आई नको नको म्हणत होती. दादा तिच्या पायांशी पाटावर बसले आणि म्हणाले, "काकी, तुम्ही वाकत वाकत चालता, ते मला बघवत नाही." आई रडली. मला त्यांनी बजावलं की घाई करायची नाही, काकी जिना चढून-उतरून दाखवेपर्यंत परत यायचं नाही. वजीरचं मी बघतो.

ऑपरेशनच्या दिवशी ते कोल्हापुराहून आले, आईला आत नेईपर्यंत थांबले आणि लगेच परत गेले. मी पुण्यात दीड-दोन महिने राहिले. फोनवर वजीरचं विचारलं की दादा म्हणायचे, मस्त आहे, विश्रांती चाललीय.

परत आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी पागेत गेले. दादांनी वजीरला रिंगणात सोडायला सांगितलं. तो निघाला, आणि मी कुंपणाला धरून बघत राहिले. टाच आधी टेकत होती. लंगडणं तर नव्हतंच, जरासं अंग चोरणंही नव्हतं. असा तो कधीच चालला नव्हता. मी दादांना म्हटलं की मी नसताना एवढा कसा सुधारला. ते हसून म्हणाले, "तू पेरलंस, ते आता उगवलं."

मी विश्वास ठेवला. आपल्या हातून काही मोठं घडलंय असं आपल्या माणसानं सांगितलं, तर कुणाला खोटं वाटावंसं वाटेल?

महिन्याभरात साताऱ्याचे पाटणकर आले. त्यांची मुलगी ईशानी कॉलेजात होती आणि उड्यांच्या स्पर्धेत उतरायची. तिचा आधीचा घोडा म्हातारा झाला होता. तिनं वजीरला फिरवून बघितलं, दोनदा येऊन आडव्या बांबूंवरून उड्याही मारून बघितल्या. उतरल्यावर ती त्याच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली, आणि व्यवहार तिथंच ठरल्यासारखा झाला. घोडा न्यायला आले त्या दिवशी पाटणकर मला म्हणाले, की वजीरच्या जुन्या दुखण्याचं त्यांच्या कानावर आलंय, पण तुम्ही त्याला बरं केलंत हेही आलंय. न्यायच्या आधी तुमचे हात त्याच्या अंगावरून एकदा फिरलेले बघायचेत. ईशानीलाही शिकायचं होतं. दादा म्हणाले, "दाखव की. त्यात काय."

वजीर अंगणात उभा होता. दस्तगीरनं दोर धरला होता. मी मानेवरून खांद्यावर आले, खांद्यावरून पाठीवर, आणि ईशानीला समजावत होते की बोटांनी दाबायचं नाही, नुसतं ऐकायचं. ऊन चढलं होतं आणि गोमाश्या आल्या होत्या. एक माशी वजीरच्या पुढच्या पायाच्या पोटरीवर बसली. त्याची कातडी थरथरली, त्यानं पाय आपटला. माशी उडाली आणि त्याच पायाच्या टाचेवर बसली.

वजीर स्थिर उभा राहिला.

माशी तिथंच होती. आपला डंख टोचून बसली होती. रक्ताचा बारीक थेंब मला दिसला. वजीर शांतपणे कान हलवत होता. ज्या जागी माझी सावली पडली तरी हा घोडा पाय झटकायचा, त्या जागी गोमाशी चावत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

मी खाली बसले. माशी हाकलली आणि अंगठा टाचेवर ठेवला. मग खुराच्या जरा वर, मागच्या बाजूला, केसांत बोट फिरवलं. तिथं कातडीखाली दोऱ्यासारखी व्रणाची एक रेघ लागली. दुसऱ्या बाजूलाही होती. दुसऱ्या पायालाही. त्या रेघांवरचे केस नवे होते, आणि त्यात काही पांढरे.

मी मान वर केली तेव्हा दस्तगीर माझ्याकडं बघत होता. मी बघितल्यावर त्यानं नजर वळवली.

पाटणकरांना चहा घ्यायला सांगून मी दादांना खोगिरांच्या खोलीत घेऊन गेले. दार मी लावलं. त्यांना विचारलं की वजीरच्या टाचेच्या शिरा कधी कापल्या.

त्यांनी नाकारलं नाही. मी तेवढीच अपेक्षा धरून होते, की नाही म्हणतील. ते खोगिरावर बोट फिरवत म्हणाले की मुंबईकडून एक डॉक्टर बोलावला होता, स्वच्छ काम केलं त्यानं. संवेदना नेणाऱ्या शिरा होत्या तेवढ्याच काढल्या. हे ऑपरेशन जगभर करतात, यात बेकायदा काही नाही.

"मी पुण्यात असताना," मी म्हटलं.

"काकींच्या ऑपरेशनची वेळ जुळून आली."

"जुळून आली, का जुळवली?"

त्यांनी खोगिराचा पट्टा सरळ केला. म्हणाले, "घोड्याला दुखत नाही आता. तुला तेच हवं होतं ना?"

मी म्हटलं की त्याला दुखत नाही, पण हाड झिजतंच आहे. पाय कुठं पडतो ते त्याला कळत नाही. उडी मारून उतरताना तो कोसळला तर ती पोरगी त्याच्याखाली येईल. दादा म्हणाले की काही होत नाही, असे कितीतरी घोडे पळतात. आणि एक घोडा नावाजला की पागा नावाजते. केंद्र उभं राहणार ते कुणाच्या नावानं, माझ्याच ना. लोकांना वाटतंय तुझ्या हातानं बरा झाला, तर वाटू दे की.

"पण झाला होता ना," मी म्हटलं. "याच्या आधी. लोक बघायला आले तेव्हा लंगडत नव्हता. ते तर मी केलं होतं."

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मला त्यांची कीव येण्याऐवजी त्यांनाच माझी येत होती.

"त्याला इंजेक्शनं चालू होती, संयू. तू सुरू केलंस त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासनं. दुखणं मारायची."

"आणि त्या दिवशी? त्यानं मान खाली घातली होती. जांभई दिली होती."

"सकाळी थोडं गुंगीचं दिलं होतं. एवढी माणसं जमलेली, घोडा उधळला असता तर तुझंच हसं झालं असतं."

खोलीत चामड्याचा आणि तेलाचा वास होता. मी माझे हात बघत होते. कितीतरी महिने या हातांनी जे जे जाणवलं म्हणून मी सांगत होते, लिहीत होते, शिकवत होते, त्यातलं घोड्याचं किती आणि औषधाचं किती, ते मला आता कधीच कळणार नव्हतं. दादांनी घोड्याच्या शिरा कापल्या हे मी कदाचित गिळलंही असतं. पण घरात एकटे तेच माझ्या बाजूला होते, आणि त्यांनाच ते सगळं पहिल्यापासून खोटं वाटत होतं.

"तुमचा विश्वास कधीच नव्हता," मी म्हटलं.

"तुझा होता ना. तेवढा पुरत होता."

मी दार उघडलं. मागून त्यांनी हाक मारली, "संयोगिता." आवाज चढला नव्हता. "घरातली आहेस. विचार करून बाहेर पड."

मी बाहेर गेले. पाटणकरांच्या हातात कप होता. मी ईशानीला जवळ बोलावलं आणि तिच्याकडून पेन मागून घेतलं. वजीरच्या टाचेला पेनाचं टोक लावलं, दाबलं. तो दस्तगीरच्या खांद्याला नाक घासत राहिला. मग तेच टोक जरा वर, पोटरीला लावलं, आणि त्यानं पाय उचलला. मी परत टाचेला लावलं. काही नाही. मग मी तिला पांढरे केस दाखवले आणि ते काय आहे ते सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, "मग मी त्याच्यावर बसून उड्या मारल्या, तेव्हा?"

"तेव्हाही," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

पाटणकरांनी कप खुर्चीवर ठेवला. दारात उभ्या दादांकडं किंवा माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मुलीच्या पाठीवर हात ठेवून ते तिला गाडीकडं घेऊन गेले. माझ्यावरही त्यांचा विश्वास बसला नसावा, आणि मी त्यांना दोष देत नाही.

घरी माझ्या आधी फोन पोचला होता. दादांच्या आईनं, वहिनींनी आईला सांगितलं की मी भरल्या अंगणात दादांना उघडं पाडलं. आई नव्या गुडघ्यांवर ताठ उभी होती. घरातलं घरात बोलायचं होतंस, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. घोड्याचं तिनं ऐकून घेतलं, पण पुण्याला आपल्याला का पाठवलं ते काही केल्या तिला पटेना. "माझे गुडघे त्यानं करून दिले," ती म्हणाली. "ते पण खोटं का?"

आई पुढं कितीतरी वर्षं चांगली चालली, अंबाबाईच्या देवळाला पायी जाऊन यायची. दर दिवाळीला दादा तिला नमस्कार करायला येत, आणि ते आले की मी आतल्या खोलीत बसे.

त्या प्रकारानंतर आठवड्याच्या आतच एक ट्रक आमच्या दारात थांबला. दस्तगीरनं फळी टाकली आणि वजीरला खाली उतरवलं. दादांचा निरोप होता, तूच बरा केलायस, तर तूच सांभाळ. दस्तगीरनं तो जसाच्या तसा सांगितला आणि मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, मी सांगितलं असतं तर नोकरी गेली असती." मी त्याला पाणी दिलं.

वजीरला मी कागलकडच्या एका मैत्रिणीच्या मळ्यात ठेवलं. डॉक्टर नेर्लेकर येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलं की याला खिळा रुतला, खूर चिरला तरी कळणार नाही, तेव्हा रोज चारी खूर डोळ्यांनी बघायचे. आणि जाता जाता म्हणाले की कापलेल्या शिरा काही घोड्यांत पुन्हा वाढतात, काहींत नाही.

रोज सकाळी दवाखान्याआधी मी मळ्यात जाई. खूर उचलून बघे, खडे काढी. बऱ्याच दिवसांनी त्याच्या कानांमागं हातही ठेवायला लागले. कधी तो मान खाली घाली, कधी घालत नसे. हातांना काय वाटलं ते मी लिहून ठेवायचं सोडून दिलं होतं. राजारामपुरीत मी माणसंच बघत होते. घोडे घेऊन कुणी आलं तर परत पाठवत होते.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी मी त्याचा पुढचा पाय उचलला, आणि अंगठा सहज टाचेवर आला. वजीरनं पाय हिसकावून घेतला. मला वाटलं तोल गेला असेल. पुन्हा उचलला, पुन्हा हळूच अंगठा ठेवला. त्यानं कान मागं टाकले आणि मला चावायला तोंड टाकलं.

नेर्लेकर दुपारी आले. त्यांनी चिमट्यानं खूर दाबून बघितला, चालवून बघितलं. तो पुन्हा टाच चोरून चालत होता. "आलं परत दुखणं," ते म्हणाले. "वाईट वाटतंय मला." मी रडत होते. डॉक्टरांना वाटलं घोड्यासाठी रडतेय, आणि ते खरंही होतं, पण त्याला पुन्हा जाणवत होतं, याचा मला आनंदही झाला होता. हे त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांनी दुखण्याचं औषध लिहून दिलं. ते मी स्वतःच्या हातानं, गुळाच्या खड्यात घालून, रोज वजीरला देत राहिले. तो असेपर्यंत त्याच्या पाठीवर कुणी बसलं नाही. हळूहळू माझ्याकडं पुन्हा घोडे यायला लागले, आणि आता मी ते परत पाठवत नव्हते. कुणी वजीरला बघायला मळ्यात आलं, की मी आधी त्याच्या औषधाचं सांगत असे आणि मग माझ्या हातांचं.